पावतीवाचून

रविवारी दुपारी ठाण्यातील एखाद्या शाळेच्या सभागृहात बुद्धिबळाची स्पर्धा चालू असते, तेव्हा खरे पाहण्यासारखे दृश्य आतल्या पटांवर नसते. ते बाहेरच्या व्हरांड्यात असते. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि उद्याच्या गृहपाठाच्या वह्या यांचा तात्पुरता संसार मांडून बसलेल्या आईबापांच्या घोळक्यात, नुकताच डाव संपवून आलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा खेळ्या उतरवलेला कागद फडकावीत शिरतो. आणि जय की पराजय हे त्याच्या चेहऱ्यावरूनच ताडून घेऊन त्याचे वडील त्या कागदावरील खेळ्या एकामागून एक मोबाइलमध्ये भरू लागतात. पडद्याच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी वरखाली होत राहते. मुलगा स्वतःच्या डावाकडे पाहत नाही, त्या पट्टीकडे पाहतो. "बाबा, इथे मी घोडा सॅक केला ना, तो बरोबर होता?" "इंजिन मायनस दोन दाखवतंय." झाले! घड्याळातील मिनिटे डोळ्यांदेखत गळत असताना, ओठ चावीत, हात पटापर्यंत नेऊन पुन्हा मांडीखाली दाबीत, त्या पोराने जो घोडा अखेर शत्रूच्या तोंडी दिला, त्याच्या बलिदानाचा फैसला दोन शब्दांत लागतो. आणि त्यावर अपील नसते.

मला या पित्याचा राग येत नाही. यंत्राला विचारण्याची ही ओढ मी चांगली ओळखून आहे. फरक एवढाच, की माझी ओढ उलट्या दिशेने वाहते. मी यंत्राकडे निकाल मागण्यापेक्षा यंत्राचीच परीक्षा घेण्यात अधिक रमतो. नवी लेखणी हाती आली की मागल्या पिढीतील कारकून जसा प्रथम एका कोपऱ्यात 'श्री' लिहून पाही, तसा बुद्धिबळाचा कोणताही नवा संगणकीय कार्यक्रम हाती आला की मी त्याच्यापुढे एकच ठरलेली स्थिती मांडतो आणि हाताची घडी घालून बसतो. या व्यसनाला मोठ्या माणसांचा आधार आहे. इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ साली चोवीस स्थितींची एक प्रश्नपत्रिकाच यंत्रांसाठी तयार केली होती. पुढे १९९४ मध्ये पिएर नोलो या फ्रेंच गृहस्थाने एका नियतकालिकात अकरा स्थिती प्रसिद्ध केल्या, आणि त्या अशा निवडून काढल्या होत्या की बहुतेकींत उत्तर म्हणजे एखादे अतर्क्य बलिदान असावे आणि तत्कालीन यंत्रांनी तेथे हमखास ठेच खावी. मनुष्य आपल्यापेक्षा वेगाने हिशेब करणाऱ्या वस्तूला असा प्रश्न का घालतो, याचे कारण उघड आहे. तिला जे येत नाही ते आपल्याला येते, याचा दाखला त्याला हवा असतो.

माझी स्थिती १९९८ सालच्या लिनारेस येथील स्पर्धेतील आहे. स्पेनमधल्या त्या स्पर्धेचे अजिंक्यपद आपल्या विश्वनाथन आनंदने मिळवले, ही गोष्ट त्या वर्षी वृत्तपत्रांतून वाचलेली. परंतु ती स्पर्धा पुढे जगाच्या ध्यानात राहिली ती व्हेसेलिन टोपालोव आणि अलेक्सी शिरोव यांच्यातील एका डावामुळे. शिरोव रीगाचा, म्हणजे बलिदानाच्या खेळाचा महामेरू जो मिखाईल ताल, त्याच्याच गावचा. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या शिरोवकडे दोन प्यादी अधिक होती. पण दोघांचेही उंट विरुद्ध रंगांच्या घरांवर चालणारे असल्यामुळे, ज्याला बुद्धिबळाचे चार धडे झाले आहेत असा कोणीही, 'बरोबरी' असे म्हणून पट आवरू लागला असता. पांढरा राजा दोन-तीन पावलांत पटाच्या मध्यावरील काळ्या घरांवर येऊन ठाण मांडणार, आणि पांढऱ्या घरांपुरतीच ज्याची सत्ता चालते तो काळा उंट त्याला तेथून हुसकावून लावू शकणार नाही, हे स्पष्ट दिसत होते. अशा वेळी सत्तेचाळिसाव्या खेळीला शिरोवने आपला तो एकुलता एक उंट उचलला आणि शत्रूच्या एका क्षुद्र प्याद्याला सहज खाता येईल अशा घरावर नेऊन ठेवला. त्याने शह बसत नव्हता, मातेची धमकी नव्हती, की बदल्यात एखादे प्यादेही पदरात पडत नव्हते. नंतर जेमतेम सहा खेळ्या झाल्या आणि टोपालोवने डाव सोडला.

ते घर कोणते, हे मी अजून सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

जुन्या संगणकावर ही स्थिती मांडून जागवलेल्या डोंबिवलीतील त्या रात्री मला अजून ऐकू येतात. ऐकू येतात असेच म्हटले पाहिजे, कारण पाहण्यासारखे त्यांत फारसे नव्हते. यंत्राच्या पोटातला पंखा विचाराचा भार वाढला की घरघरू लागे; रुळांच्या बाजूची खिडकी उघडी असल्यामुळे मध्येच एखादी कर्जत किंवा कसारा गाडी साऱ्या घराला हलकासा कंप देऊन जाई; आणि पडद्यावर त्या यंत्राला पसंत असलेल्या खेळ्यांची उतरती यादी असे. राजा पुढे घ्यावा, प्यादे सरकवावे, उंट मध्यावर आणून बसवावा, असे सारे शहाणे, सभ्य, कोणत्याही मामलेदाराला मंजूर होतील असे तोडगे त्या यादीत अग्रभागी असत, आणि शिरोवची खेळी त्या यादीच्या तळाशी, निरुपयोगी म्हणून बांधून ठेवलेल्या दफ्तरासारखी धूळ खात पडलेली असे. यंत्र खोल जाई, अधिक खोल जाई, आणि मत बदलत नसे. एकदा मात्र मध्यरात्रीनंतर ती खेळी तळातून निघून एकेक पायरी वर चढू लागली, मी खुर्ची पुढे ओढली, आणि त्या काळात आमच्याकडे नित्याचे असलेले भारनियमन नेमके त्याच क्षणी सुरू झाले! अंधारात बसून मी जो संताप केला, त्यात थोडा सुटकेचा नि:श्वासही मिसळलेला होता, असे आता वाटते.

आमच्या इमारतीत कल्याणच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. बुद्धिबळ ते आजोबांकडून, जुन्या देशी पद्धतीने शिकलेले, त्यामुळे आजही प्यादे सुरुवातीला दोन घरे सरकवताना त्यांचा हात किंचित अडखळतो. संध्याकाळी मी त्यांना शिरोवची खेळी पटावर करून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ त्या उंटाकडे पाहिले, आणि म्हणाले, "अहो, एवढी रक्कम खर्ची टाकलीत, तिची पावती कुठे आहे?" मी म्हणालो, "काका, पावती सहा खेळ्यांनी येते." "मग हा खर्च सहा खेळ्यांनी मंजूर होईल," ते शांतपणे म्हणाले, "तोवर आक्षेपाधीन." उभी हयात जमाखर्चाच्या तपासणीत गेलेल्या त्या माणसाने, संगणकाचे एक अक्षरही ठाऊक नसताना, जुन्या यंत्राच्या अंतरंगाचे वर्णन दोन वाक्यांत करून टाकले होते.

कारण यंत्राची मूळ शिकवण तीच आहे. प्यादे एक, घोडा आणि उंट सुमारे तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, अशी किंमतपत्रिका आरंभीच त्याच्या हाती दिलेली असते. प्रत्येक खेळीनंतरच्या प्रत्येक उत्तराचा विचार करायचा तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून जी खेळी वरकरणी तोट्याची दिसते ती रांगेत मागे ढकलावी, तिच्यामागचे फाटे थोडेच तपासावेत आणि ते खोलवर न पाहताच छाटावेत, अशी व्यवस्था त्यात केलेली असते. ही छाटणीच त्याच्या वेगाचे रहस्य आहे, आणि याच छाटणीमुळे शिरोवची खेळी त्याच्या दृष्टीआड होते. त्या उंटाला आपली जागा सोडायची असते, कारण तो उभा असलेले घर स्वतःच्या राजाला हवे असते. आणि ती जागा सोडताना एक क्षणही वाया जाता कामा नये, म्हणून तो अशा ठिकाणी जाऊन पडतो की त्याला खाण्यात पांढऱ्याचीच एक चाल खर्च होते, आणि न खाल्ले तरी पांढऱ्या राजाची वाट लांबते. रिकामे घर आणि वाचलेली चाल या दोन गोष्टींना कोणत्याही किंमतपत्रिकेत रकाना नाही.

आपल्या जुन्या देशी खेळात, गंमत अशी, की मोहरी जिंकण्याच्या हव्यासाला खुद्द नियमांनीच लगाम घातला होता. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरवलात तर डाव बुर्जी होई आणि पुरत्या विजयाचे श्रेय हातचे जाई; म्हणून शहाणा खेळाडू शेवटचे मोहरे मारण्याचे टाळून मातेकडे वळे, आणि ती मात प्याद्याने करता आली तर तिचा मान मोठा समजला जाई. हॅरल्ड मरे या इंग्रज पंडिताने १९१३ च्या आपल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात हिंदुस्थानच्या प्रांतोप्रांतीच्या या चालीरीती कसोशीने नोंदवल्या आहेत. त्याच्याही शंभर वर्षे आधी, दुसरा बाजीराव पुण्यात गादीवर असताना, १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील एक पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृत, आणि त्यात मुख्यतः निवडक अवघड स्थिती, वाचकाने डोके लढवून सोडवाव्यात म्हणून विलायती नियमांना जुळवून दिलेल्या. तो ग्रंथ निघाला तेव्हा ठाण्यापर्यंत आगगाडी यायलासुद्धा चाळीस वर्षांचा अवकाश होता. एका शास्त्र्याने मोहरी उधळून मात साधण्याचे कोडे रचावे आणि ते दूरच्या, कधी न भेटलेल्या माणसापुढे ठेवावे, यात मला आमच्या परीक्षेचेच सोज्ज्वळ रूप दिसते. तेथे परीक्षार्थी मनुष्य होता, एवढेच.

१९९७ च्या ११ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या यंत्राने कास्पारोवविरुद्धच्या अखेरच्या डावात घोड्याचे बलिदान केले आणि अवघ्या एकोणीस खेळ्यांत जगज्जेता शरण गेला, तेव्हा यंत्रालाही आता त्याग समजू लागला, असा डांगोरा पिटला गेला. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या यंत्राने तो घोडा मात्र विचार करून दिलाच नव्हता. ती खेळी त्याच्या पाठांतराच्या वहीत माणसांनी आधी लिहून ठेवलेली होती, आणि तीही त्याच दिवशी सकाळी. म्हणजे कास्पारोवसमोर घोडा देणारा हात माणसाचाच होता. त्याच साली आपल्या मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला. राजाच्या बाजूचे प्यादे दुसऱ्याच खेळीला देऊ करणारा, शंभर वर्षांपूर्वीच्या अभिरुचीचा म्हणून बाजूला सारला गेलेला किंग्ज गॅम्बिट ते आधुनिक, सावध काळातही आवडीने खेळत. आजचे कोणतेही इंजिन त्या प्याद्याकडे पाहून काळ्याच्या बाजूने थोडे झुकते. ठिपशांच्या प्रतिस्पर्ध्यांना ते झुकते माप पटावर बसून वसूल करायचे होते, आणि ते तितके सोपे नव्हते.

रुडॉल्फ श्पीलमान या व्हिएन्नात जन्मलेल्या खेळाडूने १९३५ मध्ये केवळ बलिदानावर एक पुस्तक लिहिले आणि बलिदानांचे दोन वर्ग केले. ज्याचा परतावा शेवटपर्यंत मोजता येतो ते लटके बलिदान. आणि ज्याचा परतावा मोजता येत नाही, तरीही जे द्यावेसे वाटते, ते खरे. या विभागणीपुढे यंत्राला उभे केले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्या क्षणापर्यंत त्याला परतावा दिसत नाही, त्या क्षणापर्यंत ते देतच नाही. आणि दिसला की ते देते, पण तेव्हा ते देणे उरत नाही, ती मुदत ठेव होते. आमचे अव्वल कारकून काका म्हणतात तो आक्षेप उठतो आणि खर्च मंजूर होतो. शिरोवने ती खेळी केली तेव्हा त्याने सारे शेवटपर्यंत मोजले होते काय? पुष्कळसे मोजले असणार. पण उंटावरून बोट उचलताना जो शेवटचा तुकडा मोजायचा राहिला असेल, त्या तुकड्याएवढीच जागा मला त्या डावात मोलाची वाटते.

तरीही यंत्रांविषयी अन्याय करून चालणार नाही, कारण पुढे त्यांची जातच बदलली. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो नावाचे यंत्र पुढे आले; त्याला किंमतपत्रिका कोणी दिलेलीच नव्हती. फक्त नियम सांगून त्याला स्वतःशी खेळायला बसवले, आणि काही तासांच्या त्या एकांतवासानंतर त्याने त्या वेळच्या बलाढ्य स्टॉकफिशशी शंभर डाव खेळून २८ जिंकले आणि एकही गमावला नाही. त्याचे डाव पाहताना अंगावर रोमांच उभे राहत. प्यादी उधळावी, प्रसंगी मोठे मोहरेही द्यावे आणि वीस-वीस खेळ्या काहीच परत न मागता शत्रूचा श्वास कोंडावा, अशी त्याची तऱ्हा. नॉर्वेच्या आणि इटलीच्या दोन प्रोग्रामरांच्या उद्योगातून २००८ मध्ये जन्मलेल्या स्टॉकफिशनेही २०२० साली जपानी शोगीच्या क्षेत्रातून आलेले एक छोटे न्यूरल जाळे आपल्या जुन्या हिशेबी शरीरात बसवून घेतले. आज आमच्या घरातील मुलीच्या मोबाइलमध्येही ते आहे. मी माझी स्थिती त्यावर मांडली. चहा गाळून आणेपर्यंत शिरोवची खेळी यादीच्या शिरोभागी येऊन बसली होती.

मला आनंद झाला नाही. जुन्या यंत्राच्या पंख्याची घरघर, यादीच्या तळाशी पडलेली ती खेळी आणि तिचे हळूहळू वर येणे यांत जे नाट्य होते, ते एका घोटात संपले. यंत्र नापास होत होते तोवर आमचा प्रश्न जिवंत होता.

प्रश्न पुष्कळ आहेत, आणि नवे निघतील. १९८७ मध्ये ब्रसेल्सच्या स्पर्धेत जेम्स प्लॅस्केट याने जमलेल्या ग्रँडमास्टरांपुढे एक कोडे ठेवले होते. गाइस फान ब्रोइकेलेन या डच माणसाने रचलेले. त्यात पांढरे प्यादे शेवटच्या घरावर पोचून वजीर होते आणि तो नवा कोरा वजीर लगेच मारू दिला जातो. उलट काळा आपल्या प्याद्यांचे वजीर करण्याचे नाकारून दोन घोडे करतो. सारे अडले, तेव्हा ताल बागेत फेरी मारायला निघून गेला आणि परत आला तो उत्तर घेऊनच, असे सांगतात. अलीकडे हेच कोडे यंत्रांना घातले गेले. स्टॉकफिशने दीर्घ खननानंतर ते सोडवले; अल्फाझीरोच्या वंशातील लीला मात्र अडखळली, कारण ज्या खेळीकडे पाहावेसे तिच्या अंतःप्रेरणेलाच वाटले नाही, तिकडे ती वळलीच नाही. छाटणारा हिशेब चुकतो तसा शिकलेला कलही चुकतो, हे पाहून मला थोडे बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण व्हरांड्यातील त्या मुलाचे काय? त्याच्या घोड्याला 'मायनस दोन' हा शिक्का बसला, आणि तो खोटा नाही. मात्र तो शिक्का अशा प्रतिस्पर्ध्यासाठी आहे की जो पुढच्या तीस खेळ्या बिनचूक खेळेल. समोर बसलेला त्याच्याच वयाचा कळव्याचा किंवा अंबरनाथचा मुलगा, घड्याळाकडे चोरून पाहत, तसे खेळणार नव्हता. शिवाय त्या घोड्याच्या मोबदल्यात त्याला जे दिसले होते, राजाभोवतीचे उघडे पडलेले घर, दोन हत्तींना मिळणारी वाट, ते चुकीचे असले तरी त्याने स्वतः पाहिलेले होते. वडिलांनी प्रथम विचारायला हवे होते ते हे, की तुला काय दिसले. आकडा घरी गेल्यावरही पाहता आला असता, कारण तो कुठे पळून जात नाही.

आता माझी स्थिती देतो. पट मांडा. पांढरा : राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळा : राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६ आणि जी६. काळ्याची खेळी. उंट कोठे जातो हे या लेखातील खुणांवरून तुम्हांला सहज सापडेल. त्यानंतर पांढऱ्याने तो मारला तर काय आणि मारला नाही तर काय, हे घरातील एखाद्या मुलाला समोर बसवून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, कागदावर उतरवून काढा. इंजिन त्यानंतर उघडा.